दिवा पेटलेला आहे आणि गाडी धावते आहे!



रात्री अडीचची वेळ. एका जंक्शनच्या रनिंग रूमवरून लोको पायलट, त्याचा सहायक आणि ट्रेन मॅनेजर (म्हणजे आपले पूर्वीचे गार्ड) यांना यार्डापर्यंत सोडायला कंत्राटदाराची गाडी आली. त्या गाडीत मीही होतो. पुढच्या सीटवर बसताना डॅशबोर्डवर एक लाल दिवा पेटलेला दिसला. बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर फुगलेला गोळा, असे त्यावर चित्र. मी विचारले, "काय हो दादा, हा दिवा कसला?" ड्रायव्हर तरुण पोरगा. म्हणाला, "एअरबॅगचा आहे काका. गाडी माझ्या हातात आली तेव्हापासून पेटलेलाच आहे. मालकाला सांगितलं होतं. मालक म्हणाला, गाडी चालते ना? मग चालव."

वीस मिनिटांनी आम्ही यार्डात उतरलो. आमच्या लोको पायलटने ब्रेक पॉवर सर्टिफिकेट हातात घेतले, बॅटरीच्या उजेडात ओळ न् ओळ वाचली आणि मगच सही केली. त्या कागदाशिवाय त्याने गाडी तसूभरही हलवली नसती, आणि हलव म्हणण्याची कोणा साहेबाची हिंमतही झाली नसती. पण हाच माणूस वीस मिनिटे आधी, पेटलेल्या दिव्याच्या गाडीत, हायवेवरून ट्रकांच्या रांगेतून निमूटपणे बसून आला होता. मीही आलो होतो. आम्हांपैकी एकानेही सही मागितली नाही की नकार दिला नाही.

या विरोधाभासाविषयी आज लिहायचे आहे. मोटारीतली सुरक्षा हा श्रीमंतांचा विषय आहे, आपला काय संबंध, असे काही साथींना वाटेल. पण रेल्वेच्या क्रूला ने-आण करणाऱ्या गाड्या, अभियंता विभागाच्या भाड्याच्या जीपा, टपालाच्या पिशव्या आणि रोकड घेऊन उपडाकघरांना जाणारी वाहने, मेल मोटर सर्व्हिसच्या गाड्या या सगळ्यांत आपलेच लोक बसतात. इटारसी असो, खरगपूर असो, सिकंदराबाद असो की भुसावळ, रस्ता सगळीकडे सारखाच आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली १६,७१५ माणसे सीट बेल्ट न लावलेली होती. हे आकडे कामगारांच्याही घरांतले आहेत.

आपला सिग्नल आणि मोटारीचा दिवा

रेल्वेच्या माणसाला ‘फेल-सेफ’ हा शब्द समजावून सांगायला नको. ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून बारीकसा प्रवाह वाहतो आणि तो रिलेला उचलून धरतो. गाडी आली, रूळ तुटला, तार निखळली किंवा बॅटरी बसली, तरी रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. एअर ब्रेकचेही तेच. पाइप फुटला, हवा गेली, की ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे आपल्याकडे बिघाड झाला की गाडी थांबते. दीडशेहून अधिक वर्षांच्या अपघातांनी आणि कामगारांच्या रक्ताने हा धडा शिकवला आहे.

मोटारीच्या एअरबॅगची रीत नेमकी उलटी आहे. तिथे बिघाड झाला की यंत्रणा एक दिवा पेटवते आणि पुष्कळदा स्वतःला बाजूला करून घेते. गाडी मात्र पूर्वीसारखीच धावत राहते. यात बनवणाऱ्यांची चूक नाही. चालत्या गाडीत बॅग विनाकारण फुटली तर तीच अपघात घडवील. म्हणून शंका आली की गप्प बसायचे, असे तिला शिकवलेले आहे. हा विचार बरोबरच आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की संरक्षण गेल्याची खबर देणारा साक्षीदार एकटा तो दिवाच उरतो. त्या दिव्याला गाडी थांबवण्याचा अधिकार नाही. तो अधिकार माणसाने वापरायचा असतो. आणि कंत्राटी गाडीत तो माणूस कोण, हे आजवर कोणीही ठरवलेले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या गाडीत कामगार बसतो, त्या गाडीच्या दिव्याला लाल सिग्नलचा दर्जा मिळाला पाहिजे. हे का, ते कळायला यंत्रणा आतून कशी चालते ते पाहू.

आधी पट्टा, मग बॅग

पुष्कळांची समजूत अशी की गाडीत एअरबॅग असली की पट्ट्याची गरज नाही. स्टिअरिंगच्या मध्यभागी ‘एस. आर. एस.’ अशी अक्षरे कोरलेली असतात. त्यांतल्या पहिल्या अक्षराचा अर्थच ‘पूरक’ असा आहे. बॅग कोणाला पूरक? पट्ट्याला. मुख्य काम पट्ट्याचे.

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळली तर गाडी थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्या वेगाची धडक म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखे. हातांनी डॅशबोर्ड धरून स्वतःला सावरू, असे म्हणणारा माणूस तिसऱ्या मजल्यावरून हातांवर पडण्याची तयारी ठेवून असतो. पट्टा काय करतो? जो धक्का काचेवर किंवा स्टिअरिंगवर दोन-चार सेंटिमीटरांत बसला असता, तो तो जास्त अंतरात पसरवतो आणि छाती व कंबर यांच्या मजबूत हाडांवर वाटून देतो.

आज आपण वापरतो तो तीन टोकांचा पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ साली व्होल्व्हो कंपनीत तयार केला. कंपनीने त्याचे पेटंट इतर सर्व कारखानदारांना वापरायला मोकळे ठेवले. नफ्याच्या बाजारात असे क्वचितच घडते, म्हणून ते नमूद करतो.

पट्ट्याच्या रिळात एक छोटी गोळी किंवा लंबक असतो. गाडीला जोराचा धक्का बसला की तो कलतो आणि रीळ जाम होते. पट्टा झटक्याने ओढला तरी तो अडतो, हे आपण घरी करून पाहू शकतो. नव्या गाड्यांत याखेरीज दोन गोष्टी असतात. पहिली प्रिटेन्शनर. धडक होताच छोटासा स्फोट होऊन पट्ट्यातली ढील काही सेंटिमीटरने आत ओढली जाते आणि माणूस सीटला चिकटतो. दुसरी लोड लिमिटर. पट्ट्यावरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की रिळातली दांडी पिळवटते आणि पट्टा थोडा सैल होतो, म्हणजे फासळ्या मोडत नाहीत. आधी घट्ट धरायचे आणि मग हळूच सोडायचे, असा हा हिशोब.

पापणी लवायच्या आत

गाडीच्या मध्यभागी, बहुधा गिअरच्या खालच्या बाजूला, एक बंद डबी असते. तिला कंट्रोल युनिट म्हणतात. तिच्यात वेग किती झपाट्याने कमी झाला ते मोजणारा सेन्सर असतो. पुष्कळ गाड्यांत पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या आसपास, आणखी सेन्सर बसवलेले असतात. एका सेन्सरच्या सांगण्यावर विसंबायचे नाही, दुसऱ्यानेही धडकेला दुजोरा दिला तरच बॅग उघडायची, अशी व्यवस्था असते. आपल्याकडे ब्लॉक द्यायला दोन्ही बाजूंची संमती लागते, तसेच हे.

धडक लागल्यापासून साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत निर्णय होतो. मग कंट्रोल युनिट ‘स्क्विब’ नावाच्या ठिणगीच्या कुपीला वीजप्रवाह देते. कुपी पेटते, तिच्याशेजारचे रसायन जळून वायू तयार होतो आणि पुढच्या सुमारे ३० मिलिसेकंदांत नायलॉनची पिशवी भरते. माणसाचे डोके तिच्यावर टेकते तोवर पाठीमागच्या भोकांतून वायू बाहेर पडू लागलेला असतो, म्हणून ती उशीसारखी दबते. सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास संपतो. पापणी लवायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

एवढ्या वेगाने उघडणारी पिशवी म्हणजे मऊ गादी नव्हे. तिच्यापासून अंतर हवे. म्हणून छाती आणि स्टिअरिंग यांच्यात निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडे जास्त अंतर ठेवावे असे सांगतात. पट्टा न लावलेला माणूस ब्रेक लागताच पुढे फेकला जातो आणि पिशवी उघडत असतानाच तिच्या तोंडाशी पोचतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात एअरबॅगच्या फटक्याने माणसे आणि लहान मुले दगावली. त्यांतले बहुतेक पट्टा न लावलेले किंवा नीट न बांधलेले होते. त्यानंतर तिथे बॅगांचा जोर कमी करण्यात आला. पट्ट्याविना बॅग हे संरक्षण नव्हे, तो उलट धोका आहे.

बॅग उघडली नाही अशी तक्रारही ऐकू येते. पुढची बॅग समोरच्या धडकेसाठी असते. मागून बसलेल्या धक्क्यात किंवा गाडी कुशीवर पडल्यास ती न उघडणे हा दोष असेलच असे नाही. मोटार ट्रकच्या मागच्या भागाखाली घुसते तेव्हा तिच्या पुढच्या सांगाड्याला हवी तशी धडक बसत नाही आणि निर्णयाला उशीर होऊ शकतो. भाड्याच्या जीपांना पुढे हौसेने लावलेला लोखंडी बुलबारही सेन्सरपर्यंत पोचणारा धक्का बदलतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना असे बुलबार लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितले होते. तरी आपल्या कचेऱ्यांच्या आवारात असल्या किती गाड्या उभ्या असतात, ते प्रत्येकाने मोजावे.

यंत्र स्वतःला कसे तपासते

किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा पेटतो आणि साधारण सहा-सात सेकंदांनी विझतो. काही गाड्यांत तो लुकलुकतो. या काही सेकंदांत कंट्रोल युनिट प्रत्येक बॅगेच्या आणि प्रत्येक प्रिटेन्शनरच्या तारेतून अतिशय बारीक प्रवाह सोडून पाहते. कुपीचा रोध साधारण दोन ओहमच्या आसपास असतो. तो फार वाढला तर तार तुटली किंवा कनेक्टर सैल झाला. फार कमी झाला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या. एखादी तार सांगाड्याला किंवा बॅटरीच्या तारेला लागली असेल तर तेही तिला कळते. गाडी चालू असतानाही ही तपासणी होत राहते. दोष आढळला की युनिट त्याचा कोड स्मृतीत नोंदवते आणि दिवा पेटवून ठेवते.

चांगला मेकॅनिक इथून पुढे काय करतो? तो आधी स्कॅनर लावून कोड वाचतो. दोष या क्षणी चालू आहे की जुना नोंदलेला आहे, ते पाहतो. ड्रायव्हरच्या बॅगेचा कोड आला आणि त्याच वेळी हॉर्नही वाजेनासा झाला असेल, तर तो स्टिअरिंगखालच्या ‘क्लॉक स्प्रिंग’वर संशय घेतो. चाक फिरले तरी तारा तुटू नयेत म्हणून तिथे फितीसारखी गुंडाळलेली केबल असते, आणि हॉर्न व बॅग या दोघांच्या तारा तिच्यातूनच जातात. दिवा कधी पेटतो, कधी विझतो आणि सीट पुढेमागे केल्यावर बदलतो असे असेल, तर सीटखालचा पिवळा कनेक्टर पाहतो. पावसात गाडीत पाणी शिरले, झाडताना कुंचा अडकला, पाण्याची बाटली घरंगळली, एवढ्यानेही तो सैल होतो. बॅटरी उतरली असेल तरीही दिवा पेटू शकतो. म्हणजे पुष्कळदा दोष किरकोळ असतो आणि थोड्या खर्चात दूर होतो. पण त्यासाठी कोणीतरी गाडी नीट दाखवायला हवी.

काम करताना तो बॅटरी सोडवून कंपनीने सांगितली असतील तितकी मिनिटे थांबतो, कारण बॅटरी तुटली तरी बॅग उघडता यावी म्हणून युनिटमध्ये वीज साठवलेली असते. कुपीला तो साधा मीटर कधीच लावत नाही. मीटरच्या प्रवाहानेही ती पेटू शकते. त्याऐवजी बॅग सोडवून तिच्या जागी तेवढ्याच रोधाचा नकली भार जोडतो. कोड गेला तर दोष बॅगेत, राहिला तर तारेत. इतकी ही साधी, पण शिस्तीची पद्धत आहे. पिवळ्या वेष्टणाच्या तारांना इतर कोणी हात लावू नये, हे आपल्या मोटार विभागातल्या साथींनीही लक्षात ठेवावे.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. ही तपासणी तारांची आहे, रसायनाची नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या बॅगांतले रसायन उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडत गेले. बॅग उघडताना त्यांच्या धातूच्या डब्या फुटून तुकडे माणसांच्या अंगात घुसले. जगभर कोट्यवधी बॅगा परत घ्याव्या लागल्या, आपल्या देशातही काही कंपन्यांनी गाड्या परत बोलावल्या आणि २०१७ साली ताकाता दिवाळखोरीत गेली. अशा दोषात दिवा पेटत नाही. कोकणात, गोव्यात, कोलकात्याला किंवा चेन्नईला जुनी गाडी वापरणाऱ्यांनी कंपनीच्या सेवा केंद्रात चॅसिस क्रमांक देऊन चौकशी करावी.

दिवा गप्प करण्याची विद्या

आता मूळ रोगाकडे येतो. अपघातात उघडलेली बॅग पुन्हा वापरता येत नाही. बॅग, पट्टा, प्रिटेन्शनर आणि पुष्कळदा कंट्रोल युनिटही बदलावे लागते. हा खर्च मोठा असतो. मग कमी दरात टेंडर घेतलेला कंत्राटदार काय करतो? मेकॅनिक तपासणीसाठी वापरतो तोच नकली भार, म्हणजे दोन ओहमचा किरकोळ किमतीचा रेझिस्टर, तारेला कायमचा जोडून टाकतो. युनिट विचारते, "बॅग आहे का?" रेझिस्टर उत्तर देतो, "आहे." दिवा विझतो. स्टिअरिंगवर झाकण बसते. आत काहीच नसते.

याहून ओबडधोबड प्रकारही आहेत. दिव्यावर काळी टेप चिकटवायची, दिवाच काढून टाकायचा, किंवा त्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडायची, म्हणजे दोघे एकदमच विझतात. दुरुस्ती न करता स्कॅनरने कोड पुसून गाडी दाखवायला आणायची, म्हणजे तेवढा वेळ भागते. म्हणूनच लक्षात ठेवा, किल्ली फिरवल्यावर दिवा मुळीच न पेटणे हेसुद्धा तितकेच वाईट लक्षण आहे. पेटला पाहिजे, थांबला पाहिजे, मग आपला आपण विझला पाहिजे. रिकाम्या ब्लॉकमध्ये विझलेला सिग्नल दिसला तर आपण तो हिरवा समजतो का? नाही. नियम सांगतो की विझलेला सिग्नल म्हणजे धोका.

इथे आपल्याही अंगणात पाहिले पाहिजे. पट्टा लावला नाही की गाडी टिंग-टिंग वाजते. तो आवाज बंद करण्यासाठी पट्ट्याच्या खाचेत घालायची नुसती क्लिप बाजारात मिळते. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांना अशा क्लिपा विकणे थांबवायला सांगितले आणि १३,११८ जाहिराती काढून टाकायला लावल्या. एवढा माल होता म्हणजे घेणारेही होतेच. त्यांत आपले साथी नव्हते असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? कोणी पट्टा पाठीमागून घेऊन खाचेत अडकवतो. कोणी म्हणतो, "गावातल्या गावात जायचंय." मागच्या सीटवर तर पट्टा असतो हेच ठाऊक नसते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती. पुढचे दोघे जखमी होऊनही वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. पैशाने गाडी विकत घेता येते, पण पट्टा आपल्याच हाताने लावावा लागतो.

डॅशबोर्डवर डाव्या बाजूला गणपती किंवा साईबाबांची मूर्ती चिकटवण्याची आपली पद्धत आहे. श्रद्धेबद्दल काही म्हणणे नाही. पण जिथे शेजाऱ्याची बॅग उघडते त्याच झाकणावर मूर्ती असेल, तर बॅग ती थेट तोंडावर फेकील. मूर्ती तिथून हलवावी. ज्यांच्या सीटमध्ये बाजूच्या बॅगा आहेत त्यांनी त्यावर जाड कव्हर चढवू नयेत.

दंड कोण भरतो?

कायदा काय म्हणतो ते पाहू. देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना ड्रायव्हरसाठी एअरबॅग आणि पट्ट्याची आठवण देणारा आवाज सक्तीचा झाला. पुढच्या प्रवाशाची बॅग नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून बनणाऱ्या मॉडेलना ३१ डिसेंबर २०२१ पासून आली. सहा बॅगा सक्तीच्या करण्याचा मसुदा २०२२ साली निघाला, तारीख पुढे ढकलली गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सक्ती करणार नसल्याचे मंत्रिमहोदयांनी सांगितले. हे नियम प्रवासी मोटारींचे. त्याआधीच्या जुन्या जीपांना ते लागू नाहीत. ज्या मालवाहू गाडीत बॅग नाही, तिच्यात पुढे बसलेल्या टपाल कर्मचाऱ्याला पट्टा हाच काय तो आधार. आणि जीपच्या मागच्या आडव्या बाकांवर बसून साइटवर जाणाऱ्या ट्रॅकमनला पुढच्या बॅगेचा काडीचाही उपयोग नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे पट्टा न लावता गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. पट्टा न लावलेले प्रवासी नेणाऱ्यालाही तोच दंड. म्हणजे मी मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलो तर दंड गाडी चालवणाऱ्याच्या नावावर. ठेकेदार ती रक्कम कोणाच्या पगारातून कापतो, ते सांगायला नको. त्या रात्रीचा तो तरुण पोरगाही कामगारच आहे. त्याला भविष्य निर्वाह निधी नाही, संघटना नाही, आणि नकार देण्याची सोय तर नाहीच नाही. आपल्या आळसाचा दंड त्याच्या ताटातून जाऊ नये.

आणि ज्याने रेझिस्टर जोडला त्याला काय शिक्षा? पोलिसाचा कॅमेरा पट्टा बघतो, स्टिअरिंगच्या झाकणाखाली बघत नाही. अपघात झाला की चौकशीत पहिले नाव ड्रायव्हरचे येते. आपल्या रेल्वेत आणि टपालात वर्षानुवर्षे हेच पाहत आलो आहोत. बिघाड यंत्रणेचा, निलंबन खालच्या माणसाचे. इथे तर यंत्र स्वतः साक्ष द्यायला तयार आहे. कोणता दोष होता, हे त्याच्या स्मृतीत लिहिलेले असते. ती साक्ष वाचायची की बुजवायची, एवढाच प्रश्न आहे.

आपण काय मागायचे?

प्रशासन म्हणेल, वाहने कंत्राटदाराची, आमचा संबंध नाही. हे उत्तर आपण मान्य करता कामा नये. टेंडर प्रशासन काढते, अटी प्रशासन लिहिते, आणि गाडीत बसतो तो प्रशासनाचा कर्मचारी. म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या पातळीवर पुढील मागण्या लावून धराव्यात :

१. कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या प्रत्येक भाड्याच्या वाहनात प्रत्येक माणसासाठी समोर तोंड असलेली सीट आणि चालू पट्टा असावा. आडव्या बाकांवर माणसे नेणे बंद व्हावे.

२. गाडी कंत्राटावर घेताना आणि त्यानंतर दर वर्षी, अधिकृत कार्यशाळेतून एअरबॅग यंत्रणेची स्कॅनर तपासणी करून त्याचा छापील अहवाल घ्यावा. अपघात झालेली गाडी असा अहवाल दिल्याशिवाय पुन्हा ड्यूटीवर येऊ नये. रेझिस्टर स्कॅनरलाही फसवतो, म्हणून बॅगा आणि पट्टे बदलल्याची बिलेही पाहावीत.

३. प्रत्येक फेरीआधी किल्ली फिरवल्यावर दिवा पेटला आणि विझला, अशी नोंद लॉगबुकात असावी. त्यावर ड्रायव्हर आणि बसणारा कर्मचारी या दोघांची सही असावी.

४. दिवा पेटलेला असेल, मुळीच पेटत नसेल किंवा पट्टा नादुरुस्त असेल, तर गाडीत बसायला लेखी नकार देण्याचा कर्मचाऱ्याला हक्क असावा. त्यामुळे झालेला उशीर कर्मचाऱ्याच्या नावावर लावू नये, आणि गाडी उभी करणाऱ्या ड्रायव्हरची त्या दिवसाची मजुरी कापू नये.

यांतली चौथी मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या तीन कागदावर सहज मान्य होतील. चौथीला विरोध होईल, कारण तिच्यातच खरा अधिकार आहे. लाल सिग्नलपाशी थांबलेल्या लोको पायलटला कोणी जाब विचारत नाही, म्हणून तो सिग्नल. जाब विचारला जात असता, तर तो नुसता रंगीत दिवाच राहिला असता.

या मागण्या मान्य होईपर्यंत आपल्या हातातली गोष्ट आपण आजपासून करू शकतो. गाडीत बसताच, पुढे असो वा मागे, पट्टा लावायचा. किल्ली फिरताना डोळा डॅशबोर्डवर ठेवायचा. दिवा चुकीचा वागला तर तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहून शाखेच्या सचिवाकडे द्यायचा. अशी शंभर चिठ्ठ्यांची गड्डी विभागीय बैठकीत टेबलावर ठेवली, की कंत्राटदाराची गाडी "चालते ना?" असे म्हणायची कोणाची छाती होणार नाही.

त्या रात्री मी विचारले, दादाने खरे उत्तर दिले, आणि तरीही आम्ही सगळे त्याच गाडीत बसून गेलो. दिव्याने आपले काम केले होते. आम्ही आमचे केले नाही. पुढच्या वेळी तसे होणार नाही, एवढे मी या पानावरून आपणा सर्वांसमोर सांगतो. आपणही सांगा.